मेहराबीवरची अक्षरं

ईशान आणि रेवा,

तुम्ही फोटोत पाहून विचारलं होतंत, आपल्या गॅलरीत खाली मांडी घालून चहा पीत बसलेले ते आजोबा कोण. ते जनू गवंडी. आपल्या गच्चीची गळती काढायला आले आणि तेव्हापासून येत राहिले. त्यांनी दोन दुपारी बसून जे सांगितलं ते मी लिहून घेतलं आहे. त्यांच्या बोलण्यात ण येत नाही, पानी, कोनी, पन असंच ते म्हणतात. मी ते तसंच ठेवलं. गावाचं नाव घालू नका असं त्यांनी बजावलं, म्हणून ते नाही. ते जिला बाई म्हणतात, जिनं इंग्रजीत अर्ज लिहिला, ती मीच. आता त्यांचं ऐका.

* * *

आमचं घर चुन्यावाल्यांचं. आजा चुनाच भाजायचा, बापूस चुनाच भाजायचा, आनि मी चौथीत शाळा सोडली ती चुन्याच्याच खड्ड्यावर जायला. ओहोटी लागली की आयस नि तिच्या बरोबरच्या बाया खाडीत उतरायच्या, शिंपल्यांच्या पाट्या भरभरून आनायच्या, त्या सुकवायच्या, मग भट्टीत एक थर शिंपल्यांचा, एक थर लाकडाचा नि तुसाचा असं रचत जायचं नि पेटवायचं. तिसऱ्या दिवशी शिंपल्या पांढऱ्याफेक व्हायच्या, हातात घेतल्या तर कागदासारख्या हलक्या, नि पानी टाकलं की फुसफुसून फुटायच्या, अशी वाफ यायची की जवळ गेलात तर भुवया जळल्या समजा. माझी डावी भुवई बघा, अजून अर्धीच आहे. तो चुना मग खड्ड्यात सोडायचा, वर पानी ठेवायचं, गोनपाट टाकायचं नि विसरून जायचं. महिना गेला तरी चालतं, वर्ष गेलं तरी चालतं, उलट लोन्यासारखा होतो. बापूस म्हनायचा, हा खड्डा म्हनजे आपली आयस आहे रे जनू, कितीपन उशिरा घरी जा, ती जेवायची थांबलेलीच असते. हे ध्यानात ठेवा बाई, चुना थांबतो. पुढं सगळं ह्याच्यावरच आहे.

आता त्या मशिदीचं आनि आमचं काय नातं ते सांगतो, नाय तर तुमची नातवंडं म्हनतील, हिंदू गवंड्याला मशिदीचं एवढं काय. आमच्या गावात वर्षाचा नवा खड्डा उघडायचा तो रमझानच्या आधी. उघडला की पहिली बादली मशिदीच्या पश्चिमेच्या भिंतीला, दुसरी बादली गावदेवीच्या देवळाला, त्याच्यानंतर मग ज्याला पाहिजे त्याला. हे कोनी ठरवलं माहीत नाय. आजाच्या आजापासून चालू. रमझान दरवर्षी मागं मागं सरकतो, तसा आमचा खड्डापन सरकायचा, कधी थंडीत, कधी चैत्रात, नि भर पावसात आला तर नुसतं आतलं अंग रंगवायचं, बाहेरचं उघडीप मिळाल्यावर. काम झालं की दाऊदचाचाच्या घरनं नारळ नि सरबताचा तांब्या यायचा. दाऊदचाचा म्हनजे मशिदीचे मुतवल्ली, देखभाल त्यांच्याकडं. माझ्या बापसाचे दोस्त. दोघं मशिदीच्या पायरीवर बसून एकमेकांच्या विड्या ओढायचे आनि एकमेकाला कंजूस म्हनायचे.

मशीद म्हनजे तुम्ही आता बघता तसली उंच मिनारवाली नव्हती बाई. काय सांगू तुम्हाला, लांबनं तर कळायचीच नाय. पुढं कौलांची पडवी, ती नंतरची, पावसासाठी टाकलेली, नि पडवीतनं वाकून आत गेलात की तीन टोकदार कमानी, नि कमानीच्या आत खांब. काळ्या दगडाचे खांब, खाली चौकोनी, मग आठ कोनाचे, मग एकदम गोल, एकाच दगडात. मी ल्हान होतो तेव्हा त्या आठ कोनांवर बोट फिरवत बसायचो, बापूस ओरडायचा, चुना मार, मोजू नको. वर घुमट तीन. पन त्यात कमान नाय, कडी आहेत, दगडाची कडी, एकावर एक, प्रत्येक कडं खालच्यापेक्षा जरा आत सरकलेलं, असं ल्हान ल्हान होत शेवटी एकच दगड, त्याच्यावर कमळ कोरलेलं. खाली उताना पडून बघितलं तर गरगरल्यासारखं व्हायचं. कोनी म्हनायचं देवळाचे कारागीर असनार, कोनी म्हनायचं तेव्हा कारागीर सगळ्यांचेच होते, ज्यानं बोलावलं त्याचं काम. आनि पश्चिमेच्या भिंतीत मेहराब, म्हनजे नमाजाच्या वेळी इमाम जिच्यासमोर उभा राहतो ती कोनाड्यासारखी जागा. ती पिवळ्या दगडाची, हा दगड इथला नाय, गलबतात घालून गुजरातेकडनं आनला असं सांगायचे, नखानं ओरखडा उठेल एवढा मऊ. त्यात साखळीला टांगलेला दिवा कोरलेला, साखळीची कडी नि कडी मोजता येईल असा. त्या कोनाड्याच्या माथ्यावर एक लांबट पट्टी होती, जरा खडबडीत, पन तिच्यावर आमच्याच पूर्वजांनी एवढा चुना मारलेला की काय आहे ते कोनाच्या बापाला दिसत नव्हतं.

कोनी बांधली, कधी बांधली, हे विचारलं की प्रत्येक जन वेगळं सांगायचा. एक म्हनायचा घोड्यांच्या व्यापाऱ्यानं, एक म्हनायचा गुजरातच्या सुलतानाच्या सरदारानं. चाचा म्हनायचे, फिरंगी आले तेव्हा त्यांनी हिचं गोदाम केलं, नारळ नि सुंभ भरलं हिच्यात, मग पेशव्यांच्या फौजेनं फिरंग्यांना घालवलं तेव्हा परत बांग झाली, म्हनून सांगतो जनू, तुम्हा लोकांचे आमच्यावर उपकार आहेत, आता त्या उपकारावर एक विडी दे. असे होते चाचा.

बापूस गेला तेव्हा भट्टी आधीच विझल्यासारखी होती. तुळिंजला, फुलपाड्याला बिल्डिंगा उठायला लागल्या, सगळं सिमेंट, शिंपल्यांचा चुना कोन विचारतो. मी गवंडीकाम धरलं. पन वर्षाचा एक खड्डा मी सोडला नव्हता, मशिदीपुरता नि देवळापुरता.

मग तो डिसेंबर आला. अयोध्येचं झालं, मुंबई पेटली. आमच्याकडं कोनाला नख लागलं नाय, हे मी देवाशपथ सांगतो, पन नजरा फिरल्या. रमझान मार्चाच्या आसपास होता. मी खड्डा उघडायला गेलो तर गावकीची चार मानसं भट्टीवर येऊन बसली. एक म्हनाला, काय जनूशेठ, ह्या वर्षीपन पहिली बादली तिकडंच का? दुसरा म्हनाला, जाऊ द्या रे, त्याला सरबत लागतं. हसले सगळे. मारलं नाय, धमकी दिली नाय, नुसते हसले. आनि मी बाई, मी काय केलं, गोनपाट परत खड्ड्यावर टाकलं नि घरी गेलो. ताराला, म्हनजे माझ्या बायकोला सांगितलं, ताप आहे. ती म्हनाली, ताप आहे का भेव आहे? मी पांघरून घेतलं.

त्या वर्षी चुना लागला नाय. पुढच्या वर्षीपन नाय. चाचा रस्त्यात भेटले तर मीच वाट बदलायचो. ते काय बोलले असते, कायच नाय, मला माहीत होतं ते काय बोलनार नाय, म्हनून तर जास्त.

तिसऱ्या वर्षी चाचा स्वतः आमच्या दारात आले. म्हनाले, जनू, भिंतीला ओल धरली आहे, मेहराबीपाशी बुरशी आली, मुलं म्हनतात रंगवाला बोलावू, मी म्हटलं ती भिंत जनूची आहे. बघा, एवढंच म्हनाले. मला इतकं लाजल्यासारखं झालं की काय सांगू. मी म्हटलं, चाचा, दोन वर्षांचं सगळं एकदम भरून देतो, चुना नको, सिमेंट करतो, माझ्याकडनं, पक्कं करतो, परत हात लावायला नको. चाचा म्हनाले, तुझा बाप तर चुनाच सांगायचा. मी म्हटलं, बाप बिल्डिंगीत राहिला नाय कधी. आनि चाचांना ते पटलं, कारन नवीन ते चांगलं असंच सगळ्यांना वाटत होतं तेव्हा.

पन खरं काय ते आज बोलतो, तुम्ही लिहा. परत हात लावायला नको, हे मी त्यांच्यासाठी नाय म्हटलं. माझ्यासाठी म्हटलं. एकदा सिमेंट केलं की दरवर्षी बादली घेऊन गावातनं जायला नको, ते हसनं नको. प्रायश्चित्तपन होईल नि सुटकापन होईल. दोन्ही एका घमेल्यात.

सिमेंटला भिंत साफ लागते, जुना चुना सगळा खरवडावा लागतो. मी खरवडला. किती पिढ्यांचा, पापुद्र्यावर पापुद्रे, पोळीसारखे सुटत होते. आनि मेहराबीच्या माथ्यावरची ती खडबडीत पट्टी मी पान्यानं धुतली तर बाई, अक्षरं. उठावाची अक्षरं, एकमेकांत गुंतलेली, वेलीसारखी, उभे दांडे असे भाल्यांसारखे वर गेलेले. एवढी स्वच्छ की काल कोरली म्हना. आमच्या चुन्यानं झाकलेली, नि आमच्या चुन्यानंच जपलेली. मी हाक मारली, चाचा धावत आले, नि बघून त्यांच्या डोळ्यांतनं पानीच आलं. म्हनाले, लेख आहे हा जनू, ह्यात नाव असनार, साल असनार, हे फारशी आहे, मला वाचता येत नाय, नि मेला चष्मापन दुरुस्तीला गेलाय, पलीकडच्या गावात मौलवी आहे फारशी जाननारा, उद्या सकाळी त्याला घेऊन येतो, तू सगळं कर पन तेवढा कोपरा सोड. मी म्हटलं सोडतो. ते गेले.

दुपारनंतर मी त्या भिंतीला माल लावत आलो. खालनं वर, डावीकडनं उजवीकडं. बरोबर मेहराबीच्या माथ्याशी आलो तेव्हा घमेल्यात पाऊन घमेलं माल उरलेला. कालवलेला. सिमेंट थांबत नाय बाई. चुना थांबतो, सिमेंट तासाभरात दगड होतं. दुसऱ्या दिवशी मला फुलपाड्याच्या साइटवर जायचं होतं, मुकादमानं एकच दिवस दिलेला. मी थापी हातात घेऊन उभा राहिलो. मनात म्हटलं, अक्षरं कुठं जात नाहीत, दगडाची आहेत, आत राहतील, नंतर कधी मौलवीला सवड झाली की तेवढं फोडून दाखवू. नि लावला. चांगला दाबून लावला, अक्षरांच्या फटीफटीत बसेल असा, वरनं रंधा मारला, आरशासारखं केलं.

सकाळी साइटवर जाताना मी तिथं डोकावलो. चाचा मौलवीला घेऊन उभे होते, हातात वही, पेन्सिल. त्यांनी रात्रीत घट्ट झालेल्या सिमेंटवर तळहात ठेवला. म्हनाले, जनू, मी तुला कोपरा सोडायला सांगितलेलं. बस. मी म्हटलं, चाचा, माल सुकत होता. ते म्हनाले, हां, माल सुकत होता, बरोबर आहे.

दहा वर्षं गेली. पयली चार वर्षं भिंत अशी झकास की लोक येऊन बघायचे. मग खाली फुगे आले. तुम्ही खाडीकाठी राहिला नाय कधी, म्हनून सांगतो, आमच्या जमिनीत खारं पानी आहे, ते भिंतीत चढतं, सुकलं की मीठ होतं. चुना ते मीठ स्वतःच्या अंगावर घेतो, फुगतो नि गळतो, म्हनून तर दरवर्षी नवा मारायचा. मरायचं ते चुन्यानं, दगडानं नाय. सिमेंट काय घेत नाय, ते वाट अडवून बसतं, मग मीठ आतल्या आत वर चढतं नि दगडालाच खातं. बापूस हे असं कधी समजावून बोलला नाय, तो नुसता म्हनायचा, मशिदीला चुनाच. मी बोटानं ठोकून बघायचो, भिंत डबडब वाजायची, पोकळ. पिवळी पूड जमिनीवर सांडायची, चाचा रोज सकाळी झाडायचे. मग एका शुक्रवारी नमाज चालू असताना त्या भिंतीला लागून असलेल्या एका खांबाच्या माथ्यावरचा दगड सुटला नि दोन मानसांच्या मधे पडला. मधे. कोनाला लागला नाय. पन संपलं त्या दिवशी.

जमातीची बैठक बसली. चाचांचा पुतन्या सलीम पुढारी. तो वाईट नाय हो, त्याच्यावर राग धरू नका. त्याचं म्हननं, नवीन बिल्डिंगीतली एवढी मानसं शुक्रवारी रस्त्यावर चटया टाकून बसतात, लोकांची बोलनी खातात, जागा पुरत नाय, नि वरनं दगड पडतात, उद्या कोनाचं पोर मेलं तर? पाडू नि मजल्यांची बांधू. चाचा एकटे आडवे आले, ऐंशीच्या पुढचा मानूस, काठी आपटून म्हनाले, ही शेकडो वर्षांची आहे, सरकार जपतं असल्या इमारती. सलीम म्हनाला, चाचा, कागद दाखवा, सरकारनं सांगितलं जपा तर मी हात लावनार नाय, ईदपर्यंत थांबतो. ईदीला महिना होता.

तेव्हा मी तुमच्याकडं आलो. आठवतं ना, गच्चीचं काम चालू होतं नि मी थापी ठेवून म्हटलं, बाई, जुन्या इमारती जपनाऱ्या सरकारी खात्याला एक अर्ज इंग्रजीत लिहाल का. तुम्ही लिहिलात, टाइप करून आनलात, परत लिहिलात, तिसऱ्यांदा फोन केलात तेव्हा कुठं तो साहेब आला. तरना होता, गळ्यात क्यामेरा, बूट बाहेर काढून आत आला, सभ्य मानूस. त्यानं खांब बघितले, उताना पडून घुमट बघितला, माझ्यासारखाच. मला आशा आली. मग भिंतीशी गेला, ठोकलं, म्हनाला, हे काय, सगळं सिमेंट? कोनी केलं हे? मी खाली बघितलं. म्हनाला, खांब जुने वाटतात, पन नुसत्या वाटन्यावर फाइल हालत नाय, मूळचं काय शिल्लक आहे, साल कुठं आहे, काय लेख आहे का? चाचा म्हनाले, आहे, ह्याच्या खाली आहे. साहेब म्हनाला, मला दिसत नाय ते मी कसं लिहू? लेख दाखवा, मी दुसऱ्या दिवशी कागद हालवतो. असं म्हनून गेला.

ईदीला नऊ दिवस उरलेले. मी कामावर जायचं सोडलं. तारा म्हनाली, घरात चूल आहे, तिच्याकडंपन बघा जरा. पन तिनंच भाकऱ्या बांधून दिल्या रोज. मी छिन्नी घेतली, बारीक, बोटाएवढी. ओले फडके लावून ठेवायचो, मग कडेकडेनं हलक्या हातानं कोरायचो, चाचा मागं खुर्ची टाकून बसायचे, रोजा धरलेला, तोंडात पानी नाय, नि म्हनायचे, हळू रे, हळू. माझंच सिमेंट, मीच दाबून भरलेलं, आता मीच त्याला विनवत होतो, सूट बाबा, सूट. पयल्या दिवशी वीतभर कड मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी वरची कड. तिसऱ्या दिवशी दुपारी आतनं कर्र असा आवाज आला नि ती अख्खी पट्टी, दीड हात लांब, माझ्या दोन्ही हातांवर आली. मला वाटलं सुटली. मी हसलोपन. म्हटलं चाचा, सुटली.

मग भिंतीकडं बघितलं.

भिंतीवर काय नव्हतं. बेसनासारखी पूड नि खड्डा. दगडाचं तोंडच माझ्या सिमेंटबरोबर सुटून आलेलं. हात लावला तर आनखी सांडत होतं. मी दोन्ही हातांनी ती पूड धरायला लागलो बाई, भिंतीला परत लावायला लागलो, येड्यासारखा, चाचा म्हनत होते राहू दे, राहू दे, नि मी लावत होतो.

चाचांनीच मग ती पट्टी उलटी करून बघितली. सिमेंटच्या पाठीवर अक्षरं होती, खोलगट, उलटी, आत पिवळा दगड चिकटलेला. बरीचशी झडलेली. मी केतकीच्या कुंच्यानं एकेक फट साफ केली. ताराचा कुंकू लावायचा आरसा आनला. तोच मौलवी आला, त्याचीपन दाढी आता पांढरी. आम्ही पट्टी उभी धरली, समोर आरसा धरला, तो आरशात बघून वाचायला लागला, बोटानं, ल्हान पोरासारखा. हे गेलंय, म्हनाला. हेपन गेलंय. इथं कोनाचं तरी नाव होतं, पन आता फक्त शेवटचा दांडा आहे. इथं साल असनार, सगळं झडलंय. मग एका जागी बोट टेकवलं. एक शब्द वाचता येतो, म्हनाला. चाचा म्हनाले, काय? तो म्हनाला, बांधली.

कोनी ते गेलं, कधी ते गेलं. बांधली, एवढंच राहिलं.

तरी तुम्ही साहेबाला बोलावलंतच. तो आला, त्यानं ती पट्टी हातात घेतली, आरशात बघितली, फोटो काढला. मग मला विचारलं, काका, हे सिमेंट कधीचं? मी म्हटलं, माझंच, दहा वर्षं झाली. तो म्हनाला, मग कागदावर ह्या वस्तूचं वय दहा वर्षं, मी काय करू सांगा. चाचांनी त्याला पानी विचारलं. त्यांचा स्वतःचा रोजा होता.

ईद झाली. सलीमनं शब्द पाळलेला, ईदीपर्यंत थांबला होता. मशीन आनायच्या आदल्या दिवशी मी त्याला म्हटलं, मधला घुमट मला उतरू दे, कडी कडी करून उतरतो, मशीननं पाडू नको. तो म्हनाला, जनूकाका, एक दिवस देतो. मी नि दोन गडी वर चढलो. वरचा कमळाचा दगड उचलला तर खाली बघतो काय, कड्यांमधे चुना नाय, काय नाय, नुसते दगड एकमेकांवर भार टाकून बसलेले, एवढी शेकडो वर्षं. तीन कडी उतरवली. संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी मशीन आलं. बाकीचं सकाळच्या चहाच्या आत संपलं. खांब नवीन जोत्याच्या भरावात गेले, आठ कोनाचे, सगळे. नवीन मशीद उभी आहे त्यांच्यावरच. मोठी आहे, हवेशीर आहे, रस्त्यावर आता कोन बसत नाय. ते पन खरं आहे, ते पन लिहा.

सलीमनं मला नव्या पश्चिम भिंतीचं काम देऊ केलं. म्हनाला, ही भिंत तुमची आहे, चाचा सांगायचे. मी नाय म्हटलं. ही पट्टी तरी कुठं बसवशील का, विचारलं, तर मौलवी म्हनाला उलटी अक्षरं मशिदीत कशी लावायची, नि त्याचंपन बरोबर. ती माझ्या घरात आहे, पलंगाखाली, गोधडीत गुंडाळलेली. चाचा पुढच्या पावसाळ्यात गेले. शेवटी मी भेटायला गेलो तेव्हा मी म्हटलं, चाचा, मला माफ करा. त्यांनी डोळे उघडले, म्हनाले, कशाबद्दल, विडी देत नाहीस त्याबद्दल? नि परत मिटले. त्यांनी मला माफ केलं का नाय, हे मला अजून कळलेलं नाय. रागवले असते तर बरं झालं असतं.

आता एवढंच राहिलंय. वजूच्या पान्याची, म्हनजे नमाजाआधी हातपाय धुवायच्या पान्याची जुनी विहीर मागच्या बाजूला आहे. नवीन मशिदीला नळ आहेत, विहिरीवर जाळी टाकली. तिचा काठ तेवढा जुन्या दगडाचा. देवळालापन आता लाद्या बसल्या, तिथं चुना लागत नाय. मी ओहोटीला थोड्या शिंपल्या वेचतो, मागच्या दारी पत्र्याच्या डब्यात भाजतो, रमझानच्या आधी एक बादली होते. ती घेऊन भर दिवसा गावातनं जातो. कोन हसत नाय आता. हसनारे म्हातारे झाले, काही गेले, बाकीच्यांना हा बादलीवाला कोन तेच माहीत नाय. विहिरीच्या काठाला चुना मारतो नि घरी येतो. सरबत येत नाय. माझ्यामागं हे कोन करनार नाय, पोरगा टाइल्स बसवतो, त्याला वेळ कुठला. संपलं म्हनायचं.

तुमच्या नातवंडांना माझा आशीर्वाद लिहा. तिकडं थंडीत सुखी राहा म्हनावं, हात शाबूत राहोत, पोटाला मिळो. आनि कधी कोनाच्या जुन्या भिंतीपाशी उभं राहायची पाळी आली, नि वर काय लिहिलेलं दिसलं, तर कोनी वाचायला येईस्तोवर थांबा म्हनावं. घमेल्यातला माल सुकला तर सुकू द्या.